शेतकऱ्याच्या हातांतील फोन

हल्लीं शेतकऱ्याच्या कल्याणाविषयीं कोठेंही चार शब्द बोलले गेले कीं, त्यांत मोबाइलचें नांव आल्यावांचून राहत नाहीं. हवामान फोनवर, बाजारभाव फोनवर, आणि आतां पिकाची नोंदही फोनवर. या यंत्राविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. ज्या बातमीसाठीं आमच्या वडिलांना बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागे, ती आज बांधावर मिळते, हें मोठेंच सुख आहे. परंतु यंत्र हातीं येणें निराळें आणि त्याचा उपयोग पदरांत पडणें निराळें. या दोहोंमधील अंतर कोणीं भरून काढावयाचें, हाच आमच्या मतें आजचा खरा प्रश्न होय.

पीक पाहणीचेंच उदाहरण घेऊं. आम्ही महसूल खात्यांत कारकुनी केली असल्यामुळें गांव नमुना बारा कसा भरला जाई, हें आम्हांस ऐकून ठाऊक नाहीं, पाहून ठाऊक आहे. नियमाप्रमाणें तलाठ्यानें हंगामांत शिवार फिरून, पीक डोळ्यांनीं पाहून नोंद करावयाची. प्रत्यक्षांत ती पुष्कळदां चावडींत बसून, गतवर्षींच्या पानावर नजर ठेवून होई. शेतकऱ्यानें ऊस मोडून हरभरा घेतला तरी दप्तरांत ऊस उभाच! म्हणून १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्यानें स्वतः आपल्या शेतांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घ्यावें व नोंद करावी असें ठरलें, तेव्हां आम्हांस मनापासून आनंद झाला. ज्याचें पीक त्याचीच लेखणी, याहून न्याय्य गोष्ट ती कोणती?

पण लेखणीबरोबर चुकीचा दंडही शेतकऱ्याच्याच माथीं आला, ही गोष्ट त्या आनंदांत आमच्या ध्यानीं आली नाहीं. आमच्या गांवांत एक वृद्ध विधवा बाई आहेत. त्यांचें दोन एकर सोयाबीन, मध्यें तुरीचीं तासें. घरांत साधा फोन. छायाचित्र काढण्याजोगा फोन पुतण्याजवळ, आणि पुतण्या पुण्यास नोकरीला. नोंदीची मुदत अशीच निघून गेली. पुढें शासकीय खरेदीकेंद्रावर माल घालावयाची वेळ आली, तेव्हां सातबारावर पिकाची नोंद नाहीं म्हणून बाईंस परत फिरावें लागलें, व व्यापाऱ्यानें सांगितला तो भाव घ्यावा लागला. पूर्वीं दप्तर चुकलें तर जाब विचारण्यास तलाठी तरी समोर असे. येथें जाब कोणास विचारावा? पीक शेतांत होतें, साऱ्या गांवानें पाहिलें होतें. फोननें मात्र पाहिलें नव्हतें! राहिलेल्या नोंदी सहाय्यकाकडून करून घेण्याची तरतूद अलीकडे झाली आहे, ती स्तुत्य आहे. परंतु सहाय्यक अशा बाईंच्या बांधापर्यंत पोहोंचेल तरच ती खरी.

यावरील उपाय नव्यानें शोधावयास नको. तो आपल्याच मुलखांत एकदां करून पाहिलेला आहे. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें तेव्हांच्या मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील १५० गांवांत शेतकऱ्यांचीं रेडिओ-मंडळें स्थापिलीं. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. मंडळीनीं तो एकत्र बसून ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची, अडलेले प्रश्न पुण्यास कळवावयाचे, आणि त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांत मिळावयाचीं, अशी रीत होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें या प्रयोगाची पाहणी केली. जेथें मंडळ होतें तेथें लोकांचें ज्ञान चांगलेंच वाढलें. जेथें नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतें, तेथें वाढ फारच थोडी दिसली. रेडिओ तोच, आवाज तोच. अंतर पडलें तें एकत्र बसण्यानें व उलट प्रश्न विचारण्यानें. १९५९ पासून हीच योजना देशभर नेण्यांत आली. पुढें ती ओसरली, हें आपलें दुर्दैव.

आज तर प्रश्न विचारण्याची सोय त्याहून किती तरी सोपी आहे. २१ जानेवारी २००४ पासून किसान कॉल सेंटर चालू आहे. १८००-१८०-१५५१ या क्रमांकावर सकाळीं ६ पासून रात्रीं १० पर्यंत विनामूल्य बोलतां येतें, तेंही आपल्या भाषेंत. परंतु एकट्यानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर एकाच्याच कानांत राहतें, आणि शेजारच्या बांधावर तीच अळी पीक खात असते. कोणी म्हणेल, फोनवर गांवोगांवचे गट आहेत, मग मंडळ कशास? आमचें उत्तर असें कीं, त्या गटांत औषधविक्रेत्याची जाहिरात व जाणत्याचा सल्ला एकाच पंगतीस बसतात, आणि चुकल्यास जबाबदार कोणीच नसतो.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. पहिली संघाच्या सभासदांस. प्रत्येक गांवीं आठवड्यांतून एक संध्याकाळ मंडळ भरवावें. ज्याच्याजवळ चांगला फोन असेल त्यानें तो घेऊन यावें, शंका सर्वांसमक्ष विचाराव्या, आणि उत्तर तारीख घालून वहींत उतरून ठेवावें. पीक पाहणीच्या दिवसांत खातेदारांची यादी पुढें ठेवून, ज्यांची नोंद राहिली त्यांच्या शेतांत तरुणांनीं स्वतः जावें. वृद्ध व एकट्या बायांपासून आरंभ करावा. दुसरी सूचना सरकारास. फोनवरील नोंद ही सोय असावी, अट नसावी. नोंद नाहीं म्हणजे पीक नाहीं, असा अर्थ करण्यापूर्वीं लेखी अर्ज घेऊन स्थळपाहणी झालीच पाहिजे.

जन्मभर दप्तर सांभाळून आम्ही एक गोष्ट शिकलों. कागद असो वा यंत्र, तें तेवढेंच सांगतें जेवढें कोणी त्यांत लिहितो. ज्याचें लिहावयाचें राहून गेलें, त्याच्या घरीं जाणारें माणूसच लागतें.