घरात सून आहे ना!

मंचर, नारायणगावकडे परदेशी गेलेल्या मुलांची घरं आता नवी नाहीत. 'आईला घेऊन जा की,' असं आपण सहज म्हणतो. पण नेणं सोपं का आहे? अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर गेलेल्याला बायको आणि 21 वर्षांखालची अविवाहित मुलं नेता येतात. आई-वडील मात्र तो तिथला नागरिक होईपर्यंत पाहुणेच!

ब्रिटनचा 2012 चा नियम तर मला फारच खटकतो. वयामुळे किंवा आजारपणामुळे आईला अंघोळ, कपडे, स्वयंपाक असलं रोजचंही एकटीनं जमत नसलं पाहिजे. शिवाय मुलानं पैसे पाठवूनही इथे तिची नीट काळजी घेणारं कुणी नसावं, नाहीतर तो खर्च परवडणारा नसावा. म्हणजे आंबेगावात थोरली सून किंवा जुन्नरला दिलेली लेक असली, की अर्ज अडण्याची भीती. तिची नोकरी, तिचं शेत, तिची कंबरदुखी कोण विचारतो? लंडनचा साहेब आणि आपली भावकी यांचं याबाबतीत अगदी एकमत दिसतं.

धाकटा दीर पैसे पाठवतो, नाही असं नाही. पण त्यातून सासूबाईंसाठी दिवसभराची बाई ठेवू या म्हटलं, की लगेच, "घरात सून असताना?"