ह्यांचा गज संपत नाही की काय?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं ते आमच्या इथल्या मुलांनी भाट्याच्या किनाऱ्यावर केलेल्या बारा मिनिटांच्या शॉर्ट फिल्मचं. पार्श्वसंगीत माझं. स्टुडिओ म्हणजे आमची माडीवरची खोली, एक कीबोर्ड आणि कम्प्युटर. शेवटच्या प्रसंगात सगळ्या होड्या परत येतात, एक येत नाही आणि बायको पुळणीवर उभी राहून वाट बघते. तिथे मी कम्प्युटरमधली चाळीस व्हायोलिनं एकदम सोडली. स्वतःवर जाम खूश होतो.

मग आळीतल्या व्हायोलिनवाल्या काकांना ऐकवलं. काका मुंबईत सिनेमाच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत वाजवायचे. नव्वदीच्या दशकात काम आटत गेलं तसे रत्नागिरीला परत आले. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "छान आहे रे. पण ह्यांचा गज संपत नाही की काय?"

झालं! माझी रात्रीची झोप गेली.

कम्प्युटरमधलं व्हायोलिन खोटं नसतं. खऱ्या वादकांचा एकेक सूर टिपून ठेवलेला असतो, आपण पट्टी दाबली की तो वाजतो आणि बोट उचलेपर्यंत वाजतच राहतो. माणसाचा गज मात्र हाताएवढाच. तो संपला की उलट फिरवावा लागतो. काकांनी सांगितलं, लांब सूर असला की सगळ्यांनी एकदम गज उलटवायचा नाही, ज्याने त्याने वेगवेगळ्या क्षणी उलटवायचा, म्हणजे सूर तुटत नाही पण आतून हलता राहतो. वाद्यवृंद श्वास घेतो असं आपल्याला वाटतं ते या हलण्यामुळे. माझी चाळीस माणसं श्वासच घेत नव्हती.

आता यावर "यंत्राने संगीताचा आत्मा मारला" असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. एकेकाळी आपली पेटीसुद्धा असलंच परकं यंत्र होती. तिच्यावर मींड निघत नाही वगैरे कारणांनी १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती पुढे तीसेक वर्षं टिकली. पण त्याच पेटीवर आणि पायपेटीवर आपलं संगीत नाटक उभं राहिलं. १९३२ चा 'अयोध्येचा राजा', म्हणजे मराठीतला पहिला बोलपट, त्याचे संगीतकार गोविंदराव टेंबे, मूळचे नाणावलेले पेटीवादक! पेटीने सारंगी असल्याचं सोंग केलं असतं तर ती कधीच टिकली नसती. स्वतःला जमतं ते तिने केलं, म्हणून ती घरची झाली.

सिंथेसायझरचंही तसंच आहे असं माझं मत. त्याला व्हायोलिनची नक्कल करायला लावली की तो उघडा पडतो. पण समुद्राची रात्रीची घरघर, छातीत बसणारा खालचा सूर, सुरू कुठे झाला ते कळणारही नाही असा आवाज, हे चाळीस वादकांनाही सहजी जमायचं नाही. ते त्याचं स्वतःचं काम.

'सैराट' (२०१६) मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. अजय-अतुल यांनी त्यासाठी थेट लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला. 'याड लागलं' मध्ये ती व्हायोलिनं आभाळ भरून येतात. 'झिंगाट' ची तऱ्हाच वेगळी, तिथे ठेका आणि यंत्राचा दणका. एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही. आणि शेवटी, लहान मूल घराबाहेर येतं तेव्हा कसलाच आवाज नाही. एवढा मोठा वाद्यवृंद हाताशी असताना गप्प बसायला धैर्य लागतं.

ए. आर. रहमान यांच्या 'रोजा' पासून (१९९२) सिनेसंगीतात कम्प्युटरचं राज्य आलं असं आपण म्हणतो. पण त्याच रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत संगीतशाळा काढली आणि पुढे गरीब घरातल्या मुलांना वाद्यवृंदाचं शिक्षण मोफत द्यायला सुरुवात केली. यंत्र इतक्या जवळून ओळखणाऱ्या माणसालाही गज धरणारे हात हवेसे वाटले, हे मला बोलकं वाटतं.

असो. आम्ही काही लॉस एंजेलिसला जाणार नव्हतो. चाळीस व्हायोलिनं मी पुसून टाकली. खाली फक्त कम्प्युटरचा एक खोल सूर ठेवला आणि वर काकांचं एकच व्हायोलिन. माडीवर पंखा बंद करून, घामाघूम होऊन तीनदा वाजवून घेतलं. तिन्ही वेळा गज वेगळ्या ठिकाणी उलटला. तिन्ही एकावर एक ठेवले. प्रसंग उभा राहिला.

मुलांकडे पैसे नव्हते. तरी काकांना मानधन द्यायचंच असं मी हट्टाने सांगितलं आणि त्यांनी वर्गणी काढून दिलंही. आवाज जिवंत हवा असेल तर तो जगवायचा खर्चही आपलाच, "आपलेच काका आहेत" म्हणून फुकट वाजवून घ्यायचं नाही.

पाकीट खिशात घालताना काका हसले. म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे रे. पण पूर्वी या जागेला आम्ही चाळीस जण बसायचो. तू एकाला बोलावलंस. उरलेल्या एकोणचाळीस जणांचं काय?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा.