जुना ट्रक परवडतो कुणाला?

मालवाहू वाहनांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली असताना जुनी घ्यायचीच कशाला, असा प्रश्न त्यामुळे छोट्या वाहतूकदाराला पडणे स्वाभाविक आहे. बेंगळुरूत यशवंतपूरच्या बाजार समितीपासून पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांपर्यंत माल हलवणाऱ्या गाड्यांत दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या गाड्या काही कमी नाहीत. त्यांच्याविषयी दोन ठाम मते ऐकू येतात. एक म्हणते, जुनी गाडी म्हणजे पैसे खाणारा खड्डा. दुसरे म्हणते, डोक्यावर मोठा हप्ता नाही म्हणजे नफाच. दोन्ही मते गाडीचे वय पाहून बनलेली आहेत आणि म्हणूनच दोन्ही अपुरी आहेत. जुनी गाडी परवडेल की नाही, हे ती महिन्याला किती किलोमीटर धावणार आणि किती दिवस उभी राहणार यावर ठरते. खरेदीदाराने आणि सरकारनेही हिशेब इथूनच सुरू करायला हवा.

आधी लांब पल्ल्याचे पाहू. पुणे ते बेंगळुरू अंतर सुमारे 840 किलोमीटर. महिन्यात जाऊन-येऊन तीन फेऱ्या झाल्या तर ट्रक पाच हजार किलोमीटर धावतो. समजा, झिजलेला ट्रक लिटरला चार किलोमीटर देतो आणि चांगल्या स्थितीतला नवा पाच. जुन्याला 1,250 लिटर डिझेल लागेल, नव्याला हजार. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटकने डिझेलवरचा विक्रीकर 18.44 टक्क्यांवरून 21.17 टक्के केला, तेव्हा बेंगळुरूतला दर लिटरला 91 रुपयांच्या घरात गेला. त्या दराने फरक महिन्याला 22,750 रुपये आणि वर्षाला पावणेतीन लाखांच्या जवळ जातो. हप्त्यात वाचवलेले पैसे इथे डिझेलच्या टाकीत जळतात. आता शहरातला पिकअप घ्या. तो दिवसाला 50 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस चालला, तर धाव फक्त 1,250 किलोमीटर. जुन्याने 12 आणि नव्याने 15 चा ॲव्हरेज दिला, तरी डिझेलचा फरक जेमतेम 1,900 रुपये. उलट नव्यासाठी आठ लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे 17,000 रुपये. जुन्यासाठी साडेतीन लाख, चढ्या म्हणजे 15 टक्के व्याजाने, तीन वर्षांत फेडायचे तर 12,100 च्या आसपास. डिझेलचा फरक वजा केला तरी जुन्याच्या बाजूला महिन्याला तीन हजार उरतात आणि तीन वर्षांनी हप्ताच संपतो. कर्ज आणि ॲव्हरेजचे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण कल बदलत नाही: धाव जितकी कमी, तितकी जुनी गाडी सोयीची, धाव जितकी जास्त, तितकी ती महाग.

मात्र हे तीन हजार फार नाजूक आहेत. पिकअपचे दिवसाचे भाडे अडीच हजार धरले, तर महिन्यातून दोनच दिवस गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की सगळी बचत गेली, मिस्त्रीचे बिल वेगळेच. त्यामुळे जुन्या गाडीची काटकसर खरेदीच्या वेळी होत नसते, ती देखभालीत होते. बेंगळुरूत या देखभालीला आणखी एक पेच आहे. टॉमटॉम या दिशादर्शन कंपनीच्या 2024 च्या वाहतूक निर्देशांकानुसार शहरात दहा किलोमीटर जायला सरासरी 34 मिनिटे 10 सेकंद लागतात, म्हणजे वेग ताशी साडेसतराच्या आसपास. या वेगाने दहा हजार किलोमीटर व्हायला इंजिनाला साडेपाचशेहून अधिक तास फिरावे लागते. महामार्गावर ताशी पन्नासच्या वेगाने तेवढ्याच अंतराला दोनशे तास पुरतात. मीटरवर आकडा एकच, पण झीज कितीतरी वेगळी. केवळ किलोमीटर मोजून ऑइल बदलणारा मालक शहरातल्या गाडीवर अन्याय करतो. क्लच, ब्रेक आणि कूलंट यांचेही तसेच. म्हणून भाड्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी आधीच बाजूला काढणे आणि ऑइल, फिल्टर, ग्रीसिंग, टायरची हवा यांची तारीखवार वही ठेवणे, हा जुन्या गाडीच्या किमतीचाच भाग समजायला हवा.

खरेदी करतानाही वयापेक्षा या खुणा जास्त बोलतात. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे, कारण आधीच तापवून ठेवलेले इंजिन बरेच दोष लपवते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर कूलंट आत शिरत असल्याची शंका उभी करतो. टायर एकाच बाजूने झिजले असतील तर अलाइनमेंट किंवा चासीची तपासणी आलीच. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जादा पाने घातलेली दिसली, तर गाडीने क्षमतेबाहेर ओझे वाहिले आहे असे समजावे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे, पण चासी आणि एक्सल यांच्याकडून होणारी वसुली त्याहून जबर असते. कागदपत्रांत कर्जाचा बोजा उतरला आहे का, कर आणि विमा चालू आहे का आणि थकलेली ई-चलने किती, हे वाहन क्रमांकावरून तपासता येते. फेब्रुवारी 2023 मध्ये थकलेला दंड वसूल व्हावा म्हणून त्यावर पन्नास टक्के सूट द्यावी लागली होती, यावरून बेंगळुरूत ही थकबाकी किती साचते ते कळते. कोल्हापूर किंवा सोलापूरची एमएच पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्याने ना-हरकत दाखला, वर्षभरात करावी लागणारी फेरनोंदणी आणि कर्नाटकचा कर किमतीत मिळवूनच सौदा करावा.

जीएसटी कपातीने हे गणित उलटले, हा पहिला आक्षेप. 28 चा कर 18 झाल्याने गाडीची करासह किंमत सुमारे पावणेआठ टक्क्यांनी उतरते. दहा लाखांच्या गाडीत 78 हजार रुपये. ही रक्कम लहान नाही. पण जुन्या गाडीची किंमत नव्याच्या किमतीला बांधलेली असते. नवी उतरली की तीही उतरते. शिवाय टायर आणि सुट्या भागांवरचा करही त्याच दिवशी 28 वरून 18 वर आला, आणि त्यांचा खप जुन्या गाडीतच जास्त. कपातीने दोघांनाही दिलासा दिला. धावेचा नियम जागच्या जागी राहिला.

प्रदूषणाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. देशभर बीएस-4 मानके एप्रिल 2017 पासून आणि बीएस-6 एप्रिल 2020 पासून लागू झाली. बीएस-6 च्या आधीचे डिझेल इंजिन दिवसभर वस्तीतून फिरवणे शहराच्या फुप्फुसांना परवडणारे नाही, हे मान्य करायलाच हवे. पण आज जुन्या बाजारात बीएस-6 गाड्याही येऊ लागल्या आहेत आणि काटकसरी खरेदीदाराने त्यांच्याकडेच वळावे. तिथे सावधगिरी वेगळी लागते. धुरातली काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ व्हायला सलग उष्णता लागते. सतत थांबत-सरकत चालणाऱ्या गाडीत तो लवकर तुंबतो. तो कापून टाकून किंवा सेन्सरला फसवून वेळ मारून नेणारी दुरुस्ती म्हणजे बीएस-6 ची किंमत मोजून जुन्या धुराची गाडी घेणे. त्यामुळे बीएस-6 गाडी स्कॅनर लावून तपासल्याशिवाय घेऊच नये.

तिसरा आक्षेप चालकाच्या बाजूने येतो. 1 ऑक्टोबर 2025 नंतर बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. जुन्या केबिनमध्ये उकडणाऱ्या चालकाचे काय? रात्रंदिवस महामार्गावर असणाऱ्यासाठी हा आक्षेप बिनतोड आहे. तो वरच्या हिशेबाला पूरकच ठरतो: लांब पल्ल्याला नवी गाडी घ्या, तिथे डिझेल वाचते आणि माणूसही.

राहिला धोरणाचा प्रश्न. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी मालवाहू गाडीचे पासिंग म्हणजे योग्यता-तपासणी होते, हे योग्यच आहे. पण वय वाढले की शुल्क वाढवत जायचे, या पद्धतीत नीट ठेवलेली गाडी आणि खिळखिळी गाडी एकाच दंडाची धनी होते. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटकातल्या लॉरीमालकांनी बेमुदत संप केला, तेव्हा डिझेल आणि टोलबरोबर अशा सरकारी बोजांचाच राग त्यामागे होता. त्यांचे सगळे म्हणणे मान्य करण्याची गरज नाही. जुन्या गाडीला सरसकट सूट दिली तर भोगणार रस्त्यावरचे लोकच. मात्र स्वयंचलित तपासणी केंद्रांत ब्रेक आणि धूर यंत्राने मोजले जातात. हे निकाल वाहन क्रमांकासह खरेदीदाराला पाहता आले आणि शुल्क त्यांच्याशी जोडले गेले, तर नीट देखभाल करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळेल. कर्ज देणाऱ्यांनाही हे सोयीचे आहे. 1979 मध्ये स्थापन झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने जुन्या ट्रकला कर्ज देण्याचाच मोठा व्यवसाय उभा केला. माहिती असेल तर जुन्या गाडीवरही विश्वास ठेवता येतो, हे त्यातून सिद्ध झाले. तपासणीचे निकाल आणि देखभालीची वही हाती असेल, तर जास्त व्याजाचे समर्थन कमी होईल. सरकारने ही माहिती खुली करावी, सावकारांनी तिला किंमत द्यावी आणि खरेदीदाराने गाडी पाहायला जाण्याआधी आपली महिन्याची धाव कागदावर मांडावी. ती दोन हजार किलोमीटरच्या आत असेल, तर नीट ठेवलेली जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. पाच हजारांच्या पुढे असेल, तर स्वस्तातली जुनी गाडी हाच सर्वांत महागडा सौदा.