तीन मिलिमीटरचा खोळंबा

वस्तू जुनी झाली एवढ्याच कारणाने ती टाकून द्यावी हे मला मान्य नाही, ही गोष्ट माझ्या छत्रीच्या व सायकलीच्या प्रकरणांपासून या सदराच्या वाचकांना पुरती ठाऊक असल्यामुळे, माझा सात वर्षांचा लॅपटॉप चालू होण्यास दहा-दहा मिनिटे घेऊ लागला तरी त्याला बडतर्फ न करता केवळ त्याच्या दिमतीला नवा कारकून देण्यास मी राजी झालो, याचे कोणास नवल वाटू नये. सुटीत बऱ्हाणपूरजवळच्या आमच्या लोधीपुऱ्यास आलेल्या भाच्याचे निदान असे, ‘‘मामा, यंत्र धडधाकट आहे, हार्ड डिस्क तेवढी थकली. तिला राहू द्या, जोडीला एसएसडी टाकू.’’

तपशील थोडक्यात असा. जुन्या डिस्कमध्ये मिनिटास ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर हिंडणारा एक दांडा असतो. एसएसडीच्या नव्या पट्टीत काहीच हलत नाही, कारण तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीत अक्षरे विद्युत्भाराच्या रूपाने कोंडलेली असतात. पट्टीची रुंदी २२ मिलिमीटर व लांबी ८०, म्हणून तिला २२८० म्हणतात. साटा जातीची पट्टी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वाचते, एनव्हीएमई जातीची कितीतरी अधिक. आपला लॅपटॉप यांपैकी कोणती पत्करतो, हे मात्र खरेदीपूर्वी पाहून घ्यावे.

भाच्याने ते पाहिले होते. न पाहिलेली गोष्ट एकच, की खाचेत सरकवलेली पट्टी दुसऱ्या टोकाने रुसल्यासारखी वर उचललेली राहते, तिला दाबून धरण्यास दोन मिलिमीटर जाडीचा व तीन मिलिमीटर लांबीचा एक स्क्रू लागतो, आणि तो ना लॅपटॉपमध्ये होता, ना पट्टीच्या खोक्यात. ५१२ गिगाबाइटांचे ते कोठार एका स्क्रूवाचून अधांतरी लोंबकळले. चष्म्याचा स्क्रू आत पडून खुळखुळू लागला, रेडिओचा शिरेना. आमच्या सौभाग्यवतींनी मिसळणाच्या डब्यातही शोध घेतला, तो कोणत्या तर्काने हे मी विचारले नाही. बाजारातल्या एका दुकानदाराने ‘‘चिकटपट्टी लावा, काही होत नाही’’ असा सल्ला दिला, तेव्हा मात्र माझा पारा चढला.

दर्गाह-ए-हकीमीकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या रिक्षा चुकवीत मी तडक शहरातल्या माझ्या जुन्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, खोकल्याच्या गोळ्यांच्या एका पत्र्याच्या डबीतून भिंतीवरच्या कुठल्याशा दिवंगत घड्याळाचा स्क्रू वेचून काढला, त्याचे डोके कानशीने दोन वेळा घासले, आणि पट्टी उलटसुलट पाहून विचारले, ‘‘मास्तर, यात फिरते काय?’’

‘‘काहीच नाही.’’

‘‘मग चालते कशावर?’’

मी विद्युत्भाराचे सांगितले. ‘‘आणि वीज दिलीच नाही तर?’’ प्रश्न बिनतोड होता. अशी पट्टी वर्षानुवर्षे कपाटात निजवून ठेवली, तर तिच्यातला भार हळूहळू झिरपून मजकूर पुसट होऊ शकतो, असे मला कबूल करावे लागले. त्यांनी भिंग उतरवून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की विषय बदलण्यासाठी मी पुण्याच्या पेशवे दप्तराकडे वळलो. तेथले मोडी कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले असून, त्यांतूनच गो. स. सरदेसायांनी १९३०च्या पुढे निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले, आणि त्या रुमालांना वाळवीखेरीज कोणाचे भय नाही, विजेचे तर नाहीच नाही, असे मी सांगत सुटलो. बऱ्हाणपुरात रुमालासारखे पातळ म्हटले की लोकांना मांडेच आठवतात. त्यामुळे दप्तराच्या रुमालांवरून आमचे संभाषण मांड्यांवर, मांड्यांवरून कणकेच्या हल्लीच्या प्रतीवर आणि तेथून एका लग्नाच्या पंगतीवर कधी गेले ते कळले नाही.

स्क्रूचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. निघताना मात्र त्यांचे लक्ष माझ्या मनगटाकडे गेले. घड्याळ अकरा मिनिटे मागे होते. ‘‘परवा या,’’ म्हणत त्यांनी ते उतरवून घेतले.

त्यानंतर तीन परवा झाले. लॅपटॉप आता पंधरा सेकंदांत उघडतो, आणि किती वाजले हे पाहण्यासाठी मला तो दिवसातून आठ वेळा उघडावा लागतो.