किती दिवसांचे?

परवा एका मैत्रिणीचा मेल आला. ती, नवरा आणि आठ वर्षांचा मुलगा असे तिघं घर बंद करून सहा महिने कंबोडियाला निघालेत. नुसतं फिरायला नाही, 'काहीतरी चांगलं काम करायला'. कामही ठरलंय. एका अनाथालयात मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांच्याशी खेळायचं. "तुम्ही असं जाऊन आलात ना, मग काय काय न्यायचं ते सांग," असं तिनं विचारलंय. सामानाची यादी चार ओळींत पाठवता आली असती. पण ती काही केल्या लिहिता येईना, म्हणून हे लिहितेय. (मावशी, तूही हे वाचणार आहेस, ठाऊक आहे मला. तुझ्या प्रश्नाचं उत्तरही खाली आहे, पण अर्धवट.)

आम्ही गेलो होतो नेपाळला, २०२३ च्या ऑक्टोबरात, पाच महिन्यांसाठी. लेक तेव्हा दहा वर्षांची होती. नेपाळच का, तर कारण अगदी मध्यमवर्गीय: आपल्याला व्हिसा लागत नाही. बाकीच्या देशांच्या लोकांना पर्यटक व्हिसावर वर्षात १५० दिवसच राहता येतं, आणि त्या व्हिसावर फुकटचं कामसुद्धा करायची परवानगी नाही. आपल्याला ती अडचण नाही. पुण्याहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौलीची सीमा, पुढे बस. सीमा ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, आपल्या शंभर रुपयांचे तिकडचे एकशे साठ, आणि साल २०८०! विक्रम संवत चालतो ना तिथे. लेक खूष. "आई, आपण भविष्यात आलो!" शिवाय पाट्या देवनागरीत, त्यामुळे पोखरा येईपर्यंत बाईंचं अखंड पाटीवाचन चालू होतं.

शाळेचं काय, हे सगळ्यांनी विचारलं. शाळेचं जे व्हायचं ते झालं. परत आल्यावर अपूर्णांक आणि एक जिवलग मैत्रीण, दोन्ही नव्याने मिळवावं लागलं. अपूर्णांक जमले.

तर पोखऱ्यात एक बालगृह होतं. नाव सांगत नाही, कारण मला एका संस्थेवर राग काढायचा नाहीये. आठवड्याचे पैसे आधी भरायचे, मग रोज चार तास मुलांसोबत. पहिल्या दिवशी आम्ही फाटकातून आत गेलो आणि पाच मिनिटांत माझ्या मांडीवर दोन मुलं, नवऱ्याच्या खांद्यावर एक. मला भरून आलं. संध्याकाळी फोटोही पाठवले घरच्या ग्रुपवर, तुम्ही सगळ्यांनी अंगठे दाखवलेत. तेव्हा हे सुचलं नाही की आपली लेक अनोळखी माणसाच्या मांडीवर अशी पाच मिनिटांत जाऊन बसली असती तर आपण घाबरलो असतो.

लेक मात्र गप्प होती. मला वाटलं, आईच्या मांडीवर दुसरी मुलं बघून रुसली असेल. थोडी रुसलीही असेल. पण तिसऱ्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "आई, ती मुलगी मला विचारत होती, तुम्ही किती दिवसांचे?"

ती मुलगी हिच्याच वयाची. मालिका बघून बघून शिकलेली हिंदी बोलायची, त्यामुळे दोघींचं जमलं होतं. तिच्या हिशेबात पाहुणे दोन प्रकारचे, एका आठवड्याचे आणि दोन आठवड्यांचे. एका आठवड्याच्या लोकांची नावं ती पाठ करत नसे. आणि पुढचं वाक्य: "आई, तिला आई आहे. हुम्लात. दशैंला फोन करते ती. मग ती इथे का राहते?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले तसं कळलं की हे अपवादाचं नाहीच. नेपाळमधल्या यादवीच्या काळात, १९९६ ते २००६, हुम्लासारख्या कर्णालीतल्या दूरच्या जिल्ह्यांतून 'मुलांना शहरात शिकवतो' म्हणून दलालांनी आई-बापांकडून पैसे घेऊन मुलं आणली, आणि ती अनाथ म्हणून दाखवली गेली. देशात ७७ जिल्हे, पण बालगृहं बहुतेक सगळी काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशी जिथे पर्यटक जातात तिथेच. डोंगरातल्या अनाथांना पर्यटनस्थळ बरोबर कसं सापडतं? २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारला पालकांशिवाय मूल जिल्ह्याबाहेर न्यायलाच बंदी घालावी लागली होती. कंबोडियाची गोष्टही वेगळी नाही. तिथेही अशा संस्थांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफ कित्येक वर्षं सांगतंय. ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला, तेव्हा अनाथालयं भरण्यासाठी होणारी मुलांची तस्करीही त्या गुलामगिरीतच धरली गेली. आणि ही मागणी येते कुठून? माझ्यासारख्या, आठवड्याचे पैसे भरून भरून आलेल्या लोकांकडून.

खरं सांगायचं तर मला त्या मुलांसाठी जायचंच नव्हतं. मला लेकीसाठी जायचं होतं. तिनं अभाव बघावा, ताटात टाकू नये, मॉलमध्ये हट्ट करू नये... 'संस्कार' म्हणतो ना आपण, ते हवे होते. म्हणजे हुम्लाची ती मुलगी माझ्या मुलीचा धडा होती. धडा संपला की पान उलटायचं.

चौथ्या दिवशी आम्ही गेलो नाही. आठवडा पुरा होईतो तरी जायला हवं होतं का, यावर मी आणि नवरा अजून भांडतो. निरोप घ्यायला गेलो तेव्हा फाटकापाशी कोणी आलं नाही. मुलं खेळत होती. सवयीचं होतं त्यांच्या.

पुढचे चार महिने मात्र फार बरे गेले. लॉजच्या मालकांची वहिनी स्याङ्जा जिल्ह्यात संत्र्याची बाग बघायची. नवरा आणि मोठा मुलगा आखातात, घरी ती, सासू आणि उतारावर शंभरेक झाडं. गावोगाव हेच चित्र: तरुण पुरुष आखातात, मलेशियात किंवा आपल्याकडे वॉचमन, नाहीतर हॉटेलात. शेजारी एक आजोबा होते, वीस वर्षं घाटकोपरला पहाऱ्यावर होते. आमच्या लेकीला ते 'नानी' म्हणायचे. ती फुरंगटली, मग कळलं की नेपाळीत नानी म्हणजे छोटी मुलगी. मला म्हणाले, "वीस वर्षं मला सगळे बहादूर म्हणायचे. माझं नाव कोणी विचारलं नाही." मी मान खाली घातली, कारण आमच्या सोसायटीतही एक 'बहादूर' होता.

तिथे संत्र्याला सुन्तला म्हणतात. झाडावर चढून तोडायची, पाठीवरच्या डोक्यात भरायची (डोको म्हणजे निमुळती बांबूची टोपली, तिचा पट्टा कपाळावर घेतात, त्याला नाम्लो म्हणतात) आणि चढ चढून रस्त्यापर्यंत न्यायची. मला अर्धा डोकोच झेपायचा. सत्तरीच्या आमा पूर्ण भरलेला घेऊन माझ्या पुढे. लेकीने पुण्यात आईला कामात सगळ्यात शेवटी आलेलं कधी पाहिलं नव्हतं. मावशी, 'आपल्याकडे मेळघाट नाही का?' असं तू विचारलं होतंस. आहे. पण मेळघाटात मी 'पुण्याच्या मॅडम' म्हणून गेले असते आणि खुर्चीत बसले असते. हे उत्तर लंगडं आहे, कळतंय मला.

आमांकडे हिशेब चाले 'पर्म'चा. आज आम्ही तुमच्या शेतात, उद्या तुम्ही आमच्या. आपल्याकडे इर्जिक किंवा सावड म्हणतात तेच. ती कोणाची दया नसते, ते देणं असतं, आणि ते फेडायचं असतं. नवऱ्याने गावच्या सहकारीचे हिशेब संगणकावर घालून दिले (नेपाळी महिना कधी २९ दिवसांचा, कधी ३२, एक्सेल रडकुंडीला). त्याचे दिवस आमांनी आमच्या खात्यात धरले. आमच्या जेवणाचे वळते केले. लेकीने दोनदा झाडाखाली झोप काढली, तेही वजा.

म्हणून, बाई गं, अनाथालय तेवढं रद्द कर. मुलाला ने, जरूर ने. शेतावर, सुताराकडे, कुठेही जा, जिथे तुमच्या हातांचा खरंच उपयोग आहे आणि कोणाची मजुरी बुडत नाही. पण आठवड्याच्या बोलीवर दुसऱ्याच्या मुलांची माया घ्यायला जाऊ नका. त्यांना मदतच करायची असेल तर मूल घरी ठेवून शाळेत घालायला कुटुंबांना मदत करणाऱ्या संस्था आहेत, त्यांना पैसे पाठव. फोटो मिळणार नाहीत.

आमांचा धाकटा नातू आता पुण्यात एका हॉटेलात लागलाय. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवतो, आणि त्याचे ताटसुद्धा तिकडे मोजले जातात, फोनवर. तरी निघताना आमच्याकडे सहा दिवस बाकी होते. संत्री कार्तिक-मार्गशीर्षात उतरतात, आणि लेकीची सहामाही नेमकी त्याच सुमाराला असते. शाळेला द्यायचा अर्ज तिनं स्वतः लिहून ठेवलाय, कारणाच्या जागी 'देणं फेडायचे आहे' असं. बाईंना काय वाटेल या भीतीने मी अजून सही केलेली नाही.