गाळलेल्या जागांची मराठी

‘५०० कडून रुपये रामराव मिळाले.’ मोबाइलच्या पडद्यावर असें वाक्य उमटलें, तर आपण क्षणभर हंसतों आणि सोडून देतों. आमच्या मतें हें हंसून सोडून देणेंच या रोगाचें मूळ आहे. पैसा, औषध, प्रवास हे सर्व व्यवहार आज ज्या यंत्रावर चालतात, त्यावरील मराठी निदान अर्थपूर्ण असावी, एवढी अपेक्षाही आपण ठेवीत नसूं, तर दुसऱ्यानें तिच्यासाठीं श्रम कां घ्यावे?

ही चूक होते कशी? ॲपमधील वाक्यें आधींच रिकाम्या जागा ठेवून लिहिलेलीं असतात. नांव, रक्कम, तारीख हीं आयत्या वेळीं यंत्र तेथें घालतें. शाळेंतील ‘गाळलेल्या जागा भरा’ हाच तो प्रकार. ती जागा टक्क्याच्या खुणेला अक्षर जोडून, किंवा महिरपी कंसांत इंग्रजी शब्द घालून दाखवितात. भाषांतरकारानें त्या शब्दाचेंही मराठी केलें, कीं यंत्राला जागा ओळखतां येत नाहीं आणि वाचकाला नांवाऐवजीं कंसच दिसतो. खूण आणि अक्षर यांत अंतर पडलें, तर कित्येकदां ॲपच बंद पडतें. इंग्रजींत रक्कम आधीं व देणाराचें नांव मागून आलें, मराठींत तें उलट झालें आणि जागांना क्रमांक नसले, तर वरच्यासारखा गोंधळ ठरलेलाच!

‘भाषांतरकार अडाणी’ असा शेरा मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. आम्हांस हा न्याय मान्य नाहीं. त्याच्या हातीं बहुधा सुटीं वाक्यें पडतात. रिकाम्या जागीं माणसाचें नांव येणार कीं गांवाचें, हें त्याला कोणी सांगत नाहीं. शिवाय मूळांतील व भाषांतरांतील खुणा जुळतात कीं नाहीं, हें पाहणें यंत्राचेंच काम. गेटटेक्स्ट या साधनांत ही तपासणी आहे. अँड्रॉइडसाठीं लिंट नांवाचा तपासनीस आहे. साधन हाताशीं असतां तें न वापरणें हें अज्ञान नव्हे, बेपर्वाई होय.

परंतु खुणा जुळल्या म्हणजे भाषा जुळली, असें नाहीं. रिकाम्या जागेपुढें ‘ला’ चिकटविला, कीं पुण्याला जाणारी गाडी ‘पुणेला’ निघते; ‘आला आहे’ हें कायमचें बसविलें, कीं सुशीलाबाईही ‘आला आहे’; आणि एकच संदेश असला तरी ते ‘आले’! मराठींत विभक्तीपूर्वीं नामाचें सामान्यरूप होतें व क्रियापद लिंगवचनाप्रमाणें बदलतें. हें सांभाळणें अशक्य मुळींच नाहीं. अरबी भाषेसाठीं संख्येनुसार सहा रूपें देण्याची सोय जर करतां येते, तर मराठीचीं दोन रूपें कोणाला जड झालीं?

आमची मागणी एवढीच कीं, ॲप लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं प्रत्येक रिकाम्या जागीं खरें नांव, खरें गांव, एक व पांच हे आंकडे घालून तें वाक्य मराठी माणसाकडून मोठ्यानें वाचवून घ्यावें. ज्यांना इंग्रजी येतें, ते भाषा बदलून सुटतात. जिला मराठीवांचून दुसरी भाषा नाहीं, त्या घरांतल्या आजीनें काय करावें? पैसे आले कीं गेले, हें तिला याच वाक्यावरून कळावयाचें असतें. तेव्हां सुशिक्षितांनीं यापुढें हंसूं नये. इंग्रजीकडे पळूंही नये. चूक दिसतांच लेखी तक्रार करावी, आणि ती सुधारेपर्यंत करीत राहावी.