फळीखालची हवा

नृत्याच्या कार्यक्रमाला थोडं लवकर गेलं, की एक प्रवेश हमखास फुकटात बघायला मिळतो. आयोजकांनी हौसेने रंगमंचभर लाल कार्पेट अंथरलेलं असतं आणि कथक करणारी बाई ते काढा म्हणून विनवत असते. कार्पेटवर तत्कार मुका होतो, हे आयोजकांना पटत नाही. त्यांना ते नखरे वाटतात. शेवटी कार्पेट निघतं, खाली फळीतून खिळ्याचं डोकं वर आलेलं दिसतं आणि हातोडीसाठी धावाधाव सुरू होते. यंदाच्या अंकासाठी ‘नृत्य आणि वास्तू’ हा विषय ठरला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर देवळावरची शिल्पं आली नाहीत. तो खिळा आला.

भरतमुनींनी ही वेळ येऊ दिली नसती. त्यांच्या नाट्यशास्त्रात नृत्याची १०८ करणं चौथ्या अध्यायात येतात, नाट्यगृहाचं बांधकाम दुसऱ्यातच. माणसांसाठी ६४ हात लांब नि ३२ हात रुंद मंडप पुरे, त्याहून मोठा नको. कारण मग शब्द विरतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. इमारत केवढी असावी, हे नटाच्या भुवईने ठरवलं!

अलीकडच्या काळात हा हिशेब सर्वांत मनापासून मांडला तो कॅलिफोर्नियातल्या एका जोडप्याने. अ‍ॅना हाल्प्रिन नर्तकी, लॉरेन्स हाल्प्रिन भूदृश्यरचनाकार. सॅन फ्रान्सिस्कोजवळ केंटफील्डला, टॅमलपाइस डोंगराच्या उतारावर त्यांचं घर. नाट्यरचनाकार आर्च लाउटरर यांच्या साथीने लॉरेन्सनी घराखालच्या झाडीत नाचासाठी लाकडी मंच बांधला, १९५४च्या सुमारास. झाडं तोडायची नव्हती, म्हणून मंचाच्या कडाच वाकल्या. त्याला ना विंगा, ना पडदा, ना समोरची अशी ठरलेली बाजू.

समोरची बाजूच नसेल तर नर्तकीने तोंड कुठे करायचं? अ‍ॅनांचं नृत्य बदललं ते अशा प्रश्नांमुळे. प्रेक्षकाला दाखवायच्या पवित्र्यांची जागा उचलणं, वाहून नेणं, चालणं अशा रोजच्या कामांनी घेतली. १९६०च्या उन्हाळ्यात ट्रिशा ब्राउन, इव्हॉन रेनर आणि सिमोन फोर्टी तिथल्या कार्यशाळेत होत्या. पुढे न्यूयॉर्कमधल्या आधुनिक नृत्याला वळण देणाऱ्यांत या तिघींची नावं घ्यावी लागतात.

पण मला जास्त मोह पडतो तो उलट्या प्रवासाचा. नवऱ्याने मंच बांधून दिला आणि विषय संपला, असं झालं नाही. बायकोचं काम पाहता पाहता लॉरेन्स आराखड्यात माणसांच्या हालचाली टिपण्याची लिपी शोधू लागले. १९६६ आणि १९६८ साली दोघांनी नर्तक आणि वास्तुरचनाकारांना एकत्र घेऊन कार्यशाळा घेतल्या. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायचं, किनाऱ्यावर वाहून आलेल्या ओंडक्यांचं गाव वसवायचं, असले उद्योग. पोर्टलंड शहरातली लॉरेन्स यांची कारंजी पाहा: पायऱ्या, कडे, धबधबे, आणि त्यांत शिरून भिजणारी माणसं.

नाहीतर हल्ली ‘सहयोग’ म्हणजे सुंदर इमारतीपुढे गिरकी घ्यायची आणि वरून ड्रोन फिरवायचा. त्याला छायाचित्रण म्हणावं, तक्रार नाही. पण नवं नाट्यगृह बांधताना मंचाची उंची ठरवण्याआधी कुणी नर्तकीला विचारतं का? पहिल्या रांगेतल्या मानाच्या पाहुण्यांना पावलंच दिसत नाहीत.

म्हणून या अंकासाठी आम्ही काही नर्तकींना लेखाऐवजी त्यांच्या मनातली जमीन काढून मागितली. एकीने नुसता मंचाचा उभा छेद पाठवला. वर फळी, तळाला काँक्रीट, मधे वासे आणि वाशांमधली रिकामी जागा. वर्षानुवर्षं काँक्रीटवर नाचून तिचे गुडघे गेलेत. त्या रिकाम्या जागेकडे बाण करून तिने लिहिलंय, ‘इथे हवा असू दे.’ कागदावर चहाचा डाग होता. तोही तसाच छापलाय.